मराठी लोकेल: कंपाइल करणं, स्वतःचा बनवणं आणि सर्व्हरवर सांभाळणं

प्रश्न थोडक्यात असा आहे. डेबियन १२ चा सर्व्हर आहे. लॅपटॉपवरून एसएसएचने आत शिरलं की बॅश दर वेळी बजावतं की एमआर_आयएन.यूटीएफ-८ हा लोकेल (भाषा आणि प्रदेशाप्रमाणे तारखा, आकडे, क्रमवारी ठरवणारा सेटिंगांचा संच) लावता येत नाही, आणि पर्लही तेच रडगाणं गातं. तारखा मराठीत हव्यात, रकमा लाख-कोटींच्या स्वल्पविरामांत हव्यात, आणि पोस्टग्रेस या डेटाबेसमधल्या नावांच्या यादीत ‘ळ’ वर्णमालेतल्या जागी यायला हवा. मूळ लोकेलमध्ये थोडे बदल करून कार्यालयापुरता वेगळा लोकेल बनवता येईल का, हेही विचारलं आहे.

सगळं जमतं. पण या वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळ्यांचं उत्तर ‘लोकेल बदला’ असं एकच नाही. कंपाइल करणं, म्हणजे मजकुरातल्या व्याख्येवरून यंत्राला वाचता येईल अशी फाइल बनवणं, हा यातला सोपा भाग आहे, एका आज्ञेचं काम. खरा विचार करावा लागतो तो कोणती सेटिंग संपूर्ण यंत्राला लावायची, कोणती एका वापरकर्त्याला आणि कोणती फक्त डेटाबेसला, याचा.

वाचण्यापूर्वी एक सूचना. आज्ञा, फाइलींची नावं आणि पर्याय इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलवर ते रोमन अक्षरांत टाइप करायचे. लँग आणि एलसी_ ने सुरू होणारी नावं सगळी मोठ्या अक्षरांत, भाषेचा संक्षेप ‘एमआर’ छोट्या अक्षरांत, देशाचा ‘आयएन’ मोठ्या अक्षरांत. मधे अंडरस्कोअर असतो. ब्राउझर, जावा आणि विंडोज इथे डॅश वापरतात. लिनक्सवर डॅश टाकला तर लोकेल सापडत नाही.

इशारा का येतो

ग्लिबसी या लिनक्सच्या मूळ सी-लायब्ररीला लोकेलची मजकूर स्वरूपातली व्याख्या थेट वाचता येत नाही. ती व्याख्या /यूएसआर/शेअर/आय१८एन/लोकेल्स या फोल्डरमध्ये असते, अक्षरसंचाचे तक्ते शेजारच्या चारमॅप्स फोल्डरमध्ये. लोकेलडेफ ही आज्ञा या दोन्हींवरून द्विमान (बायनरी) फाइल तयार करते आणि ती /यूएसआर/लिब/लोकेल/लोकेल-आर्काइव्ह या एकाच मोठ्या फाइलीत जोडते. प्रोग्राम सुरू होताना सेटलोकेल हे फंक्शन तिथे शोधतं. तिथे नाव नसेल तर ते अपयशी ठरतं आणि प्रोग्राम ‘सी’ या मूळ लोकेलवर राहतो. इशाऱ्याचा अर्थ एवढाच.

मग सर्व्हरवर कोणी मराठी लावलंच नसताना हे नाव आलं कुठून? लॅपटॉपवरून. एसएसएच क्लायंटच्या /इटीसी/एसएसएच/एसएसएच_कॉन्फिग मध्ये सेंडएन्व्ह लँग एलसी_* अशी ओळ असते आणि डेबियनच्या सर्व्हरवर एसएसएचडी_कॉन्फिग मध्ये ॲक्सेप्टएन्व्ह लँग एलसी_* अशी. दोन्ही मिळून तुमच्या लॅपटॉपची सगळी प्रादेशिक सेटिंग सर्व्हरवर येतात. मॅकवरून येणाऱ्यांचा त्रास जरा वेगळा असतो: तिथलं टर्मिनल एलसी_सीटाइप ची किंमत नुसती ‘यूटीएफ-८’ अशी पाठवतं. हे लिनक्सवर वैध लोकेल-नावच नाही, त्यामुळे कितीही लोकेल कंपाइल केले तरी इशारा जात नाही. टर्मिनलच्या सेटिंगमध्ये सुरुवातीला लोकेल पाठवण्याची खूण काढा, किंवा सर्व्हरवरची ॲक्सेप्टएन्व्ह ओळ टिप्पणी करून एसएसएच सेवा पुन्हा लोड करा. ज्या सर्व्हरवर अनेक जण वेगवेगळ्या यंत्रांवरून येतात तिथे मी यातला दुसरा मार्ग सुचवेन: सर्व्हरचं वागणं आत येणाऱ्याच्या लॅपटॉपवर अवलंबून नसावं.

सध्या काय आहे ते आधी पाहून घ्या. नुसतं ‘लोकेल’ टाइप केलं की चालू किंमती दिसतात. ‘लोकेल -ए’ ने कंपाइल झालेले सगळे लोकेल दिसतात. ‘लोकेल चारमॅप’ ने अक्षरसंच कळतो. तिथे यूटीएफ-८ ऐवजी एएनएसआय_एक्स३.४-१९६८ दिसलं तर तुम्ही ‘सी’ लोकेलमध्ये आहात.

कंपाइल करणं

डेबियनवर लोकेल्स हे पॅकेज लागतं. छोट्या इन्स्टॉलेशनमध्ये ते नसतं. बसवल्यावर /इटीसी/लोकेल.जेन उघडा आणि या ओळींपुढची # काढा:

एमआर_आयएन यूटीएफ-८
ईएन_आयएन यूटीएफ-८

भारतीय लोकेलांच्या बाबतीत पहिल्या स्तंभात ‘.यूटीएफ-८’ असं शेपूट नसतं, कारण त्यांची दुसऱ्या कुठल्या अक्षरसंचातली जुनी आवृत्तीच ग्लिबसीत नाही. अमेरिकन इंग्रजीच्या ओळीत ते असतं, म्हणून लोक तिथलं पाहून गोंधळतात. मग रूट म्हणून लोकेल-जेन चालवा. ‘लोकेल -ए’ मध्ये आता एमआर_आयएन आणि एमआर_आयएन.यूटीएफ८ अशी दोन नावं दिसतील. दोन्ही एकच. वापरताना यूटीएफ-८, यूटीएफ८ कसंही लिहिलं तरी ग्लिबसी ते सारखं करून घेतं, पण शेपटासकट पूर्ण नाव लिहिण्याची सवय ठेवा, कारण काही प्रोग्राम नुसत्या नावावरूनच अक्षरसंच ठरवतात. गोव्यातल्या कार्यालयासाठी यंत्र लावत असाल तर केओके_आयएन ही कोकणीची ओळही त्याच वेळी उघडा.

उबंटूवर लोकेल-जेन च्या पुढे थेट लोकेलचं नाव देता येतं. डेबियनवर ते चालत नाही, तिथे फाइलच बदलावी लागते. डेबियनचं लोकेल-जेन आधीची आर्काइव्ह फाइल काढून सगळे लोकेल नव्याने बांधतं. तेवढ्या वेळात सुरू होणारा प्रत्येक प्रोग्राम ‘सी’ मध्ये सुरू होतो. त्यामुळे चालू सर्व्हरवर रात्रीच्या बॅच कामांच्या मधोमध हे चालवू नका, किंवा --कीप-एक्झिस्टिंग हा पर्याय द्या.

फेडोरा आणि रेड हॅट ८ पासून पुढे लोकेल आधीच कंपाइल होऊन पॅकेजमध्ये येतात: डीएनएफ इन्स्टॉल ग्लिबसी-लँगपॅक-एमआर. स्वतः कंपाइल करायचं असेल तरच ग्लिबसी-लोकेल-सोर्स लागतं. आर्चवर डेबियनसारखीच लोकेल.जेन फाइल. आल्पाइनवर मात्र ग्लिबसी नसून मसल ही दुसरी सी-लायब्ररी आहे. तिथे लोकेलडेफ नाही, अशी आर्काइव्हही नाही, आणि या उत्तरातला बराचसा भाग तिथे लागू होत नाही. मराठी तारखा आणि क्रमवारी हवी असेल तर आल्पाइनची प्रतिमा निवडूच नका.

लोकेल-जेन आतून जी आज्ञा चालवतं ती हातानेही देता येते, आणि कंटेनरमध्ये तीच सोयीची पडते:

लोकेलडेफ -आय एमआर_आयएन -सी -एफ यूटीएफ-८ -ए /यूएसआर/शेअर/लोकेल/लोकेल.एलियास एमआर_आयएन.यूटीएफ-८

इथला शेवटचा पर्याय ‘ए’ मोठ्या अक्षरात, बाकीचे छोट्या. ‘आय’ म्हणजे व्याख्येची फाइल, ‘एफ’ म्हणजे अक्षरसंच. ‘सी’ महत्त्वाचा: तो नसेल आणि व्याख्येत किरकोळ इशारा जरी निघाला तरी लोकेलडेफ काहीच लिहीत नाही. यशस्वी झालं तर परतीचा कोड ०. इशारे येऊनही फाइल बनली तर १. ३ च्या वरचा कोड म्हणजे काहीही बनलेलं नाही. स्वयंचलित स्क्रिप्टमध्ये १ ला अपयश मानून काम थांबवू नका.

नेहमीचे अडथळे सांगतो. ‘व्याख्येची फाइल उघडता येत नाही’ असं आलं तर सोर्स पॅकेज बसलेलं नाही. ‘यूटीएफ-८ ही चारमॅप फाइल सापडत नाही’ असं आलं आणि यूटीएफ-८.जीझेड ही फाइल तर डोळ्यांसमोर आहे, तर यंत्रात जीझिप हा प्रोग्राम आहे का ते पाहा. चारमॅप दाबलेल्या स्वरूपात असतात आणि लोकेलडेफ ते उघडायला बाहेरच्या जीझिपला हाक मारतं. अगदी लहान प्रतिमांत तो काढून टाकलेला असतो आणि संदेशात त्याचा उल्लेखही येत नाही. कमी मेमरीच्या व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) मधेच नुसतं ‘किल्ड’ असं येऊन आज्ञा थांबली तर मेमरी संपली आहे; तात्पुरती स्वॅप फाइल जोडा आणि पुन्हा चालवा. दुसऱ्या यंत्रावर कंपाइल करून फाइल उचलून आणण्याचा मोह होतो. दोन्हीकडे ग्लिबसीची आवृत्ती तीच असेल तरच तसं करा, कारण द्विमान फाइलचं स्वरूप आवृत्तीनुसार बदलू शकतं.

लोकेल नव्याने बांधल्यावर आधीपासून चालू असलेल्या सेवांना तो दिसत नाही. प्रोग्राम आर्काइव्ह फाइल एकदाच मेमरीत जोडून घेतो. डेटाबेस, वेब सर्व्हर, पायथनच्या सेवा पुन्हा सुरू केल्याशिवाय तक्रार करू नका.

कोणती किंमत कुठे लावायची

ग्लिबसीत १२ वर्ग आहेत. रोजच्या कामात सहा-सात लागतात: एलसी_सीटाइप अक्षरं ओळखायला, एलसी_न्यूमरिक आकड्यांना, एलसी_मॉनेटरी चलनाला, एलसी_टाइम तारखांना, एलसी_कोलेट क्रमवारीला, एलसी_मेसेजेस संदेशांना, एलसी_पेपर कागदाला. अधिकाराचा क्रम असा: एलसी_ऑल सगळ्यांच्या वर, मग त्या-त्या वर्गाचं चल, सगळ्यात खाली लँग. लँग्वेज नावाचं आणखी एक चल आहे. ते फक्त भाषांतरित संदेशांसाठी. त्यात एमआर:एचआय:ईएन अशी पसंतीची उतरंड देता येते. लोकेल ‘सी’ असेल तर ते दुर्लक्षिलं जातं.

एलसी_ऑल कायमस्वरूपी कुठेच लिहू नका. प्रोफाइलमध्ये नाही, /इटीसी/एन्व्हायर्न्मेंट मध्ये नाही. तो एका आज्ञेपुरता, तिच्या आधी लावायचा असतो. कायमचा लावला की खालचे सगळे वर्ग मुके होतात आणि सहा महिन्यांनी कोणीतरी एलसी_टाइम बदलून ‘काहीच होत नाही’ म्हणत बसतो.

सर्व्हरसाठी माझी शिफारस अशी:

अपडेट-लोकेल लँग=ईएन_आयएन.यूटीएफ-८

मुद्दाम एमआर_आयएन नाही. लिनक्सच्या मूळ काळ्या कन्सोलवर देवनागरी उमटत नाही: तिथे फार तर ५१२ चिन्हांचा फॉन्ट चालतो आणि काना-मात्रा, जोडाक्षरं जुळवण्याची सोयच नाही. यंत्र अडकलं आणि कन्सोलवरून दुरुस्ती करायची वेळ आली की मराठी संदेश चौकोन होऊन समोर येतात. शिवाय इंग्रजी त्रुटी-संदेश शोधून उत्तर मिळतं. यात मराठीचा कमीपणा नाही. वाचणारा माणूस जिथे आहे तिथे मराठी ठेवावी: वेबपेजवर, अहवालात, डेस्कटॉपवर. डेस्कटॉपवर लँग एमआर_आयएन जरूर लावा. उबंटूवर त्यासाठी लँग्वेज-पॅक-एमआर हे पॅकेज वेगळं बसवावं लागतं. फॉन्ट लोहित किंवा नोटो. लिहिण्याची सोय आयबस या टंकलेखनाच्या साधनातून होते. तिचा लोकेलशी संबंध नाही.

ईएन_आयएन घेतल्याने दोन गोष्टी लगेच सुधारतात. कागद ए४ होतो: ‘लोकेल -के एलसी_पेपर’ मध्ये उंची २९७, रुंदी २१० मिलिमीटर दिसेल. अमेरिकन लोकेलमध्ये ती २७९ आणि २१६ असते, आणि त्यामुळेच अनेक कार्यालयांतल्या छपाईत खालची ओळ कापली जाते. दुसरं म्हणजे आकडे. पुढच्या आज्ञेत ‘डी’ च्या आधी एकेरी अवतरण आहे, तेच गट पाडायला सांगतं:

एलसी_न्यूमरिक=ईएन_आयएन.यूटीएफ-८ /यूएसआर/बिन/प्रिंटएफ "%'डी\एन" 12345678

उत्तर 1,23,45,678. एलसी_ऑल आधी कुठे लावलेला नसेल तरच, अर्थात. तुमच्या आवृत्तीतल्या एमआर_आयएन मध्ये काय आहे ते ‘लोकेल -के एलसी_न्यूमरिक’ ने पाहा. ग्रुपिंग ची किंमत ३;२ असेल तर उजवीकडून पहिले तीन आणि मग दोन-दोन, म्हणजे आपली पद्धत. नुसते ३ असतील तर मिलियनची. चलनासाठी मॉन_ग्रुपिंग ही वेगळी किंमत असते. एक बरोबर आहे म्हणून दुसरी बरोबर असेलच असं नाही, आणि प्रिंटएफ चलनाच्या वर्गाकडे बघतही नाही.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. दुसऱ्या प्रोग्रामचं उत्तर वाचून त्यावर काम करणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टच्या सुरुवातीला एलसी_ऑल=सी निर्यात करा; अक्षरं देवनागरी असतील तर सी.यूटीएफ-८. तारखांची नावं, क्रमवारी, डीएफ चे मथळे, हे सगळं लोकेलबरोबर बदलतं. सॉर्ट एका लोकेलमध्ये आणि जॉइन दुसऱ्यात चालवलं तर जॉइन ‘फाइल क्रमवार नाही’ म्हणतं, आणि त्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष केलं तर काही ओळी गळतात. सी.यूटीएफ-८ ग्लिबसीत अधिकृतपणे २.३५ पासून, म्हणजे २०२२ पासून आहे. डेबियनने तो त्याच्या बराच आधीपासून दिला आहे.

कंटेनरमध्ये बहुतेक वेळा लँग=सी.यूटीएफ-८ एवढंच पुरतं. डेबियनच्या स्लिम प्रतिमांत /यूएसआर/शेअर/लोकेल मधल्या फाइली पॅकेज बसवतानाच गाळल्या जातात. तिथे लोकेल व्यवस्थित कंपाइल होतो, तारखाही मराठीत येतात, पण भाषांतरित संदेश येत नाहीत, कारण भाषांतराची .एमओ फाइलच नसते. लोकेल आणि भाषांतर या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

कार्यालयापुरता स्वतःचा लोकेल

मूळ फाइलीत कधीच हात घालू नका. पॅकेज अद्ययावत झालं की बदल पुसले जातात. प्रत /यूएसआर/लोकल/शेअर/आय१८एन/लोकेल्स मध्ये ठेवा, डेबियनचं लोकेल-जेन तिथेही पाहतं. नाव द्या एमआर_आयएन@दप्तर. @ च्या पुढचा भाग रोमन छोट्या अक्षरांत, जोडून.

फाइल उघडली की वर कमेंट_चार % आणि एस्केप_चार / अशा दोन ओळी दिसतील. त्यांतली दुसरी बहुतेकांना गोत्यात आणते. / हे चिन्ह इथे विशेष असल्यामुळे तारखेत तिरकी रेघ हवी असेल तर ती दोनदा लिहावी लागते: "%डी//%एम//%वाय", शेवटचा ‘वाय’ मोठा. एकदाच लिहिली तर रेघ गायब होते आणि तारीख सलग आकड्यांची बनते. ओळ पुढे चालू ठेवण्यासाठीही हेच चिन्ह ओळीच्या शेवटी येतं. त्याच्यानंतर नकळत एक रिकामी जागा राहिली तर पुढची ओळ तुटते आणि त्रुटी भलत्याच ओळीवर दाखवली जाते.

काही वर्ग ‘कॉपी’ या शब्दाने दुसऱ्या लोकेलवरून उचललेले असतात. एलसी_टाइम मध्ये कॉपीची ओळ ठेवून खाली फक्त डी_एफएमटी बदलू, असं करता येत नाही. कॉपी असेल तर त्या वर्गात दुसरं काही चालत नाही. अपवाद एलसी_सीटाइप आणि एलसी_कोलेट यांचा. म्हणून ज्या वर्गात एक जरी किंमत बदलायची असेल, त्याचा पूर्ण मजकूर मूळ फाइलीतून आणून चिकटवा.

अक्षरं <यू०९२ई> अशा कोडच्या रूपात लिहिलेली असतात. ‘मार्च’ म्हणजे ०९२ई, ०९३ई, ०९३०, ०९४डी, ०९१ए, अशी पाच चिन्हं लागोपाठ. नव्या ग्लिबसीत थेट देवनागरीही चालते, पण यंत्रं वेगवेगळ्या वयांची असतील तर कोडच सुरक्षित. वारांची यादी रविवारपासून, बरोबर ७, महिने १२. आठवडा कुठल्या दिवशी सुरू होतो हे दोन किंमती मिळून ठरवतात. वीक मध्ये ७;१९९७११३०;१ असेल तर मोजणीचा पाया रविवार, कारण ३० नोव्हेंबर १९९७ हा रविवार होता. मग फर्स्ट_वीकडे १ म्हणजे रविवार आणि २ म्हणजे सोमवार. पाया बदलला आणि वारांची यादी तशीच ठेवली तर कॅलेंडरमधले वार एक घर सरकतात.

डी_टी_एफएमटी बदलूनही ‘डेट’ आज्ञेचं उत्तर बदलत नाही, ही तक्रार वारंवार ऐकू येते. नुसती डेट आज्ञा डेट_एफएमटी वापरते. डी_टी_एफएमटी हा %सी साठी असतो. दोन्ही बदला. चलनाच्या वर्गात ₹ साठी २०बी९ हा कोड. इंट_कर_सिम्बल मात्र चार वर्णांचा हवा: आयएनआर ही तीन रोमन अक्षरं आणि शेवटी एक रिकामी जागा. ती जागा विसरली तर लांबी चुकीची असल्याचा शेरा येतो.

थेट यंत्रात बसवण्याआधी बाजूला चाचणी घ्या. लोकेलडेफला शेवटचं नाव ./एमआर_आयएन@दप्तर असं तिरक्या रेघेसकट दिलं की ते आर्काइव्हला हात न लावता तिथेच त्या नावाचं फोल्डर बनवतं. मग लोकपाथ या चलात चालू फोल्डरचा पूर्ण मार्ग ठेवून एलसी_ऑल=एमआर_आयएन@दप्तर लावा आणि डेट, कॅल चालवा. कंपाइल करताना ‘व्ही’ पर्याय दिला तर जास्त इशारे दिसतात. ते वाचा, आणि फाइल बनावी म्हणून ‘सी’ सोबत ठेवा. समाधान झालं की लोकेल.जेन मध्ये ‘एमआर_आयएन@दप्तर यूटीएफ-८’ ही ओळ घालून लोकेल-जेन चालवा आणि फक्त हवा तो वर्ग लावा:

अपडेट-लोकेल एलसी_टाइम=एमआर_आयएन@दप्तर

नाव कंपाइल झालेलं नसेल तर अपडेट-लोकेल नकार देतं. हाताने फाइल बदलण्यापेक्षा ही आज्ञा त्यासाठीच चांगली.

‘ळ’ आणि क्रमवारी

युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पुढे आहे. आपल्या शाळेच्या वर्णमालेत तो ह च्या नंतर, आणि मग क्ष, ज्ञ. कोशांतही एकवाक्यता नाही: काही ठिकाणी क्ष ‘क’ च्या जोडाक्षरांत मिळतो, काही ठिकाणी शेवटी. त्यामुळे आधी कार्यालयाकडून ठरवून घ्या की कोणता क्रम हवा. तुमच्या यंत्रावर काय होतं हे चार शब्दांत कळतं: काल, काळ, कावळा, काहूर हे एकेका ओळीवर लिहून एलसी_ऑल=एमआर_आयएन.यूटीएफ-८ लावून सॉर्ट करा. काळ दुसरा आला तर युनिकोडचा क्रम, शेवटी आला तर वर्णमालेचा. क्ष साठी कोट, क्षमा, खडू, हरण हे शब्द घ्या.

डेटाबेससाठी मात्र ग्लिबसीच्या क्रमवारीवर विसंबू नका. कारण ठोस आहे. ऑगस्ट २०१८ च्या ग्लिबसी २.२८ मध्ये क्रमवारीचे तक्ते मुळापासून बदलले. डेबियन ९ वरून १० वर, उबंटू १८.०४ वरून २०.०४ वर किंवा रेड हॅट ७ वरून ८ वर गेलेल्या पोस्टग्रेसच्या मजकुरावरच्या जुन्या अनुक्रमणिका (इंडेक्स) त्यामुळे चुकीच्या ठरल्या. अनुक्रमणिका जुन्या क्रमाने रचलेली, तुलना नव्या क्रमाने: असलेली ओळ सापडत नाही आणि युनिक स्तंभात दुहेरी नोंद शिरते. कुठलाही संदेश येत नाही. ओळखण्याची खूण: 1-1 आणि 11 या दोन ओळी अमेरिकन इंग्रजी लोकेलमध्ये सॉर्ट केल्या तर जुन्यात 11 आधी येतो, २.२८ पासून 1-1 आधी.

पोस्टग्रेस १० पासून आयसीयू ही युनिकोडची स्वतंत्र लायब्ररी वापरता येते. १६ पासून तर क्रमाचे नियम स्वतः लिहिता येतात, आणि मराठीसाठी ही फार मोठी सोय आहे. क्रिएट कोलेशन (कोलेशन म्हणजे क्रमवारीचा नियमसंच) करताना प्रोव्हायडर आयसीयू, लोकेल एमआर-आयएन, इथे मात्र डॅश, आणि रूल्स मध्ये:

'&ह < ळ < क्ष < ज्ञ'

नावांच्या स्तंभाला हे कोलेशन लावलं की यंत्राचा लोकेल काहीही असो, ळ जागेवर येतो. डेबियन १२ मध्ये पोस्टग्रेस १५ येतं, म्हणून १६ साठी पोस्टग्रेस प्रकल्पाचं स्वतःचं पॅकेज-भांडार जोडावं लागेल. १५ वरच राहायचं असेल तर नियमांशिवाय आयसीयूचं मराठी कोलेशन लावून वरच्याच शब्दांची चाचणी घ्या. ग्लिबसीचाच नवा लोकेल डेटाबेसला दिसायला हवा असेल तर सेवा पुन्हा सुरू करून पीजी_इम्पोर्ट_सिस्टिम_कोलेशन्स हे फंक्शन पीजी_कॅटलॉग साठी चालवा.

इतकं करूनही यादी विस्कटलेली दिसली तर दोष लोकेलचा नसून मजकुराचा असण्याची शक्यता जास्त. ‘ॲ’ दोन प्रकारे लिहिला जातो: ०९७२ हा एकच कोड, जो युनिकोड ५.१ मध्ये २००८ साली आला, किंवा अ ला चंद्र जोडून ०९०५ आणि ०९४५. डोळ्याला एकच दिसतात, पण युनिकोडच्या सामान्यीकरणाने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करण्याच्या ठरलेल्या पद्धतीने) ते एक होत नाहीत. ‘दुसऱ्या’ मधला अर्धा र सुद्धा असाच: कोणी ०९३१ आणि हलंत वापरतो, कोणी ०९३०, हलंत आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह). जुन्या फॉन्टांतून रूपांतर केलेल्या मजकुरात दोन्ही हमखास मिसळलेले असतात. मग एकच आडनाव यादीत दोन ठिकाणी येतं आणि शोधताना अर्धेच मिळतात. डेटाबेसमध्ये घेण्याच्या दारातच या दोन्ही अक्षरांचं एकच रूप सक्तीने करून घ्या, एनएफसी प्रकारचं सामान्यीकरण करा, आणि आधीच आत असलेल्या ओळी एकदा धुऊन काढा. धुतल्यावर युनिक स्तंभात टक्कर होईल. त्या जोड्या माणसाने बघूनच मिटवाव्यात.

यंत्राची मोठी आवृत्ती बदलण्याआधी पोस्टग्रेसचा डम्प घ्या, बदलल्यावर मजकुराच्या सगळ्या अनुक्रमणिकांवर रीइंडेक्स चालवा, आणि मगच ऑल्टर डेटाबेस ... रिफ्रेश कोलेशन व्हर्जन द्या. ही शेवटची आज्ञा १५ पासून आहे आणि ती फक्त नोंदलेला आवृत्ती-क्रमांक बदलते, अनुक्रमणिका दुरुस्त करत नाही. आधी ती दिली तर इशारा बंद होतो आणि बिघाड आत राहतो. आयसीयूची आवृत्ती वाढली तरी हाच क्रम, फक्त तिथे ऑल्टर कोलेशन.